शोधनिबंध जर्नलला पाठवण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेख परीक्षकांकडे जाण्याआधी कुणीतरी त्याच्या फायली उघडून बघतं. शब्दमर्यादा पाळली आहे का, आकृत्या वाचता येतात का, आवश्यक निवेदनं जोडली आहेत का, हे तपासतं. ते काम माझं. बरेच लेख विषयाच्या जाणकारापर्यंत पोचतच नाहीत, माझ्या किंवा संपादकांच्या टेबलावरूनच परत फिरतात. आणि लेखकाला वाटतं, आपलं संशोधनच नापास झालं. खालचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. इथलं उत्तर आणि तुमच्या जर्नलच्या सूचना यांत फरक आढळला, तर जर्नलचं ऐका.

१. आधी लेख पूर्ण लिहू आणि मग जर्नल शोधू, असं चालेल का?

चालतं, पण काम दुप्पट होतं. शब्दमर्यादा, गोषवाऱ्याचा साचा, संदर्भांची शैली हे सगळं जर्नलवर ठरतं. शैलीचं एक वेळ सोडा. पहिल्या खेपेला कुठल्याही मांडणीतला लेख घेणारी जर्नल्स आता बरीच आहेत. खरा फरक वाचकाचा पडतो. मातीतल्या जिवाणूंबद्दलचा एकच निष्कर्ष सूक्ष्मजीवशास्त्राच्या जर्नलसाठी लिहिताना जिवाणूपासून सुरू होतो, शेतीविषयक जर्नलसाठी लिहिताना पिकापासून. मुख्य दावा एका वाक्यात सांगता यायला लागला की दोन-तीन जर्नल्स पक्की करा आणि त्यातल्या पहिल्यासाठीच लिहा.

२. इम्पॅक्ट फॅक्टर किती असलेलं जर्नल निवडावं?

आकड्यापासून सुरुवात करू नका. तुमची स्वतःची संदर्भसूची काढा आणि त्यात कोणतं जर्नल पुन्हा पुन्हा येतं ते मोजा. तुमचे वाचक तिथे आहेत.

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे काय तेही बघून ठेवा. २०२४ चा आकडा काढताना, जर्नलने २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेली उद्धरणं मोजतात आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागतात. म्हणजे ही सरासरी आहे, आणि चार-दोन गाजलेले लेख ती वर ओढू शकतात. गणितात उद्धरणं हळू जमतात, वैद्यकात झपाट्याने. त्यामुळे दोन विषयांतल्या जर्नल्सची या आकड्यावरून तुलना करण्यात अर्थ नाही. एखाद्या लेखाची वा संशोधकाची किंमत या आकड्यावरून ठरवू नये, हे २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलं आहे. नेमणुका करणाऱ्या समित्यांनी ते किती मनावर घेतलं, हा वेगळा विषय.

३. ‘आपला मौलिक लेख आमच्याकडे पाठवा’ असा ई-मेल आला आहे. जर्नल खरं आहे की बनावट, कसं ओळखू?

असा ई-मेल आला एवढ्यावरूनच सावध व्हा. ‘चार दिवसांत परीक्षण’ असं आश्वासन, लेख स्वीकारल्यानंतरच कळणारं शुल्क, पशुवैद्यकापासून भाषाशास्त्रापर्यंत सगळं छापणारं एकच जर्नल, या खुणा तर आहेतच. त्याहून भरवशाचं म्हणजे त्या जर्नलमधले तीन लेख उघडून वाचा. त्यांचे डीओआय क्रमांक (प्रत्येक लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) चालतात का बघा. संपादक मंडळातल्या एखाद्या व्यक्तीच्या संस्थेच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का तेही पाहा. ओपन ॲक्सेस (सगळ्यांना फुकट वाचता येणारं) जर्नल असेल तर डीओएजे या २००३ पासूनच्या निर्देशिकेत शोधा.

एक फसवी जात आणखी आहे: खऱ्या जर्नलच्या नावाने आणि त्याच्याच आयएसएसएन (नियतकालिकाच्या ओळख) क्रमांकाने उभी केलेली नकली वेबसाइट. म्हणून सर्च इंजिनमधल्या पहिल्या दुव्यावरून कधीही लेख भरू नका. प्रकाशकाच्या मुख्य पानावरून आत जा.

४. पीएचडीच्या प्रबंधातलं प्रकरण थोडं कापून पाठवलं तर?

कापून भागत नाही. प्रबंधात तुम्हाला किती माहीत आहे हे परीक्षकाला पटवायचं असतं, लेखात एकच गोष्ट नवीन का आहे ते. आधीच्या संशोधनाचा वीस पानांचा आढावा इथे दोन पानांत बसतो. मी लेखकांना सांगतो, प्रकरण बंद करा, आकृत्या आणि तक्ते तेवढे समोर ठेवा आणि कोऱ्या फायलीत लिहायला बसा.

प्रबंध विद्यापीठाच्या संग्रहात खुला असेल तर बहुतेक जर्नल्स ते पूर्वप्रकाशन मानत नाहीत, पण कव्हर लेटरमध्ये तसं नमूद करा. परिषदेच्या कार्यवृत्तात पूर्ण लेख छापला गेला असेल तर प्रकरण वेगळं: नवीन मजकूर किती हवा ते जर्नलचे नियम सांगतात.

५. लिहायला सुरुवात कुठून करू?

आकृत्या आणि तक्त्यांपासून. मग पद्धती, मग निकाल, मग चर्चा. प्रस्तावना त्यानंतर, गोषवारा आणि शीर्षक सगळ्यात शेवटी. छापताना क्रम नेहमीचाच राहतो: प्रस्तावना, पद्धती, निकाल, चर्चा. प्रस्तावना आधी लिहिणारे बहुधा असा प्रश्न मांडतात, ज्याचं उत्तर पुढे निकालांत सापडत नाही.

६. गोषवारा लिहून होतो, पण ‘माहिती कमी आहे’ असा शेरा येतो. म्हणजे काय?

म्हणजे त्यात निकाल नाही. माझ्याकडे येणारे गोषवारे बरेचदा असे असतात: ‘या लेखात रात्रीच्या उष्णतेचा कामगारांच्या झोपेवर होणारा परिणाम अभ्यासण्यात आला असून महत्त्वाचे निष्कर्ष प्राप्त झाले आहेत व त्यांची चर्चा करण्यात आली आहे.’ यात वाचकाच्या हाती काहीच पडलं नाही. आता हे बघा (आकडे उदाहरणापुरते): ‘रात्रीचं तापमान ३० अंशांच्या वर गेलं तेव्हा ११२ कामगारांची झोप सरासरी ४१ मिनिटांनी घटली, पंखा असलेल्या खोल्यांत ही घट १८ मिनिटांची होती.’ दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा लांब नाही, पण संपादकाला लेख कशाबद्दल आहे ते कळलं. बहुतेक जण फक्त गोषवाराच वाचतात, तेव्हा त्यातला प्रत्येक आकडा मूळ लेखाशी जुळतो ना ते शेवटी एकदा बोट ठेवून तपासा. न जुळणारा आकडा मला दर आठवड्याला सापडतो.

७. बीजशब्द (कीवर्ड्स) कसे निवडायचे?

शीर्षकात आलेले शब्दच पुन्हा लिहू नका. तुमचा विषय शोधणारा माणूस आणखी कोणता शब्द टाइप करेल, तो द्या.

८. पद्धतीच्या भागात किती तपशील द्यावा?

दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसाला तुम्हाला फोन न करता तेच काम करता यावं, इतका. काही प्रकारच्या अभ्यासांसाठी तयार तपासणीसूच्या आहेत आणि बरीच जर्नल्स त्या भरून मागतात: यादृच्छिक चाचण्यांसाठी कॉन्सॉर्ट, पद्धतशीर आढाव्यांसाठी प्रिझ्मा (२०२० च्या आवृत्तीत २७ मुद्दे), निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी स्ट्रोब, प्राण्यांवरील प्रयोगांसाठी अराइव्ह. सूची लेख लिहून झाल्यावर भरायला घेतली तर ‘नमुन्याचा आकार कसा ठरवला?’ या रकान्यापाशी घाम फुटतो. अभ्यास आखतानाच ती समोर ठेवा.

९. सॉफ्टवेअरने ‘पी = ०.०००’ दिलं आहे. तसंच लिहू?

नाही. पी म्हणजे खरा परिणाम नसतानाही असा निकाल योगायोगाने मिळण्याची शक्यता. ती शून्य नसते, सॉफ्टवेअरने फक्त तीन दशांश स्थळं दाखवली आहेत. ‘पी < ०.००१’ लिहा आणि सोबत परिणाम किती मोठा होता तेही, विश्वासमर्यादेसह (खरी किंमत ज्या टप्प्यात असावी असा अंदाज आहे तो टप्पा), द्या. टक्केवारीतही हीच गंमत चालते. १२ पैकी ८ जण बरे झाले तर ‘१२ पैकी ८’ लिहा. ‘६६.६७ टक्के’ लिहून बारा माणसांचे काही हजार होत नाहीत.

एक्सेलमधली पुरवणी माहिती पाठवण्याआधी नजरेखालून घाला. काही जनुकांची नावं एक्सेल तारखा समजून बदलून टाकायचं. हा घोळ इतका पसरला की २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी नावंच बदलली.

१०. आकृत्या माझ्या स्क्रीनवर छान दिसतात, तरी ‘रिझोल्यूशन कमी’ म्हणून परत का येतात?

छायाचित्रांसाठी सहसा ३०० डीपीआय (छापील इंचामागे ३०० ठिपके) मागतात. एका स्तंभाची रुंदी साधारण साडेआठ सेंटिमीटर धरली तर चित्र आडवं किमान १,००० पिक्सेल हवं. वर्डमध्ये चिकटवलेल्या चित्राचा स्क्रीनशॉट काढून पाठवला तर इतके पिक्सेल मिळत नाहीत, आणि फोटोशॉपमध्ये ७२ च्या जागी ३०० टाकल्याने नसलेले पिक्सेल येत नाहीत. आलेख ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढला तिथूनच पीडीएफ किंवा ईपीएस स्वरूपात बाहेर काढा. रेषा कितीही मोठ्या केल्या तरी फाटत नाहीत.

लाल-हिरव्या जोडीवर भिस्त ठेवू नका. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारापैकी एकाला हे रंग नीट वेगळे दिसत नाहीत. तुमचा परीक्षक त्यांतला असू शकतो. आणि सूक्ष्मदर्शकाच्या किंवा जेलच्या (डीएनए वा प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात वेगळी करून दाखवणाऱ्या) चित्रात उजळपणा बदलायचा तर पूर्ण चित्राचा बदला. नको असलेला पट्टा पुसणं किंवा दोन जेलचे तुकडे रेषा न दाखवता जोडणं म्हणजे गैरप्रकार, हेतू काहीही असो.

११. माझ्याच आधीच्या लेखातली आकृती पुन्हा वापरायला परवानगी कशाला हवी?

कारण स्वामित्वहक्क तुम्ही तेव्हा प्रकाशकाच्या नावे केला असेल. करार काढून बघा. लेख सीसी बाय या खुल्या परवान्याखाली असेल तर मूळ स्रोताचं श्रेय देऊन वापरता येते. बाकी प्रकाशकांच्या वेबसाइटवर परवानगीचा अर्ज असतो, तो बहुधा लवकर मंजूर होतो. रंग बदलून ‘नवी’ आकृती करणं हा तोडगा नाही.

१२. लेखक म्हणून कुणाची नावं द्यायची? निधी आणणाऱ्या किंवा प्रयोगशाळा देणाऱ्या सरांचं नाव घालावंच लागतं का?

सर्वांत जास्त ई-मेल याच प्रश्नाचे, आणि बहुतेक रात्री उशिरा आलेले.

वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आता इतर विषयांतही बरेच वापरले जातात. कामाची आखणी, माहितीसंकलन किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा. मसुदा लिहिण्यात किंवा गंभीरपणे सुधारण्यात सहभाग. अंतिम आवृत्तीला संमती. आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही हवेत. फक्त निधी आणला, फक्त जागा दिली, फक्त विभागप्रमुख आहेत, तर जागा ऋणनिर्देशात. सरांनी आखणीत मदत केली असेल पण मसुदा पाहिलाच नसेल, तर त्यांना तो वाचायला आणि सुधारायला द्या. पुढचे निकष पूर्ण करण्याची संधी देणं हे तुमचं काम आहे. उलट, सगळं विश्लेषण करून दिलेल्या तंत्रज्ञाला ‘तो पगारी आहे’ म्हणून वगळणंही चूकच.

क्रम कसा लावायचा याला सगळ्यांना बांधील असा नियम नाही. काही विषयांत शेवटचं नाव प्रमुखाचं, गणितात बहुधा वर्णानुक्रम. काम सुरू होतानाच बोलून घ्या आणि ई-मेलवर लिहून ठेवा. कुणी काय केलं हे सांगणारी क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी बरीच जर्नल्स मागतात. तीच यादी पहिल्या बैठकीत समोर ठेवली तर अवघड बोलणं सोपं होतं.

लेख पाठवल्यावर नाव वाढवायचं किंवा काढायचं असेल तर सर्व लेखकांची लेखी संमती लागते, ज्याचं नाव जाणार आहे त्याचीही. लेखकाचं दरम्यान निधन झालं असेल तर नाव ठेवता येतं. तळटीप द्या आणि संपादकांना कळवा.

१३. मी एकटाच लेखक आहे. ‘मी’ लिहू की ‘आम्ही’?

‘मी’ लिहा. १९७५ मध्ये जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याने लिहिलेल्या लेखात सगळीकडे ‘आम्ही’ वापरलं होतं. तो लेख ज्या ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ला जाणार होता तिथे हे चालणार नाही, असं सहकाऱ्याने सांगितलं. टाइपरायटरवरचा लेख पुन्हा टाइप कोण करणार? त्यांनी आपल्या चेस्टर नावाच्या बोक्याला एफ. डी. सी. विलर्ड या नावाने सहलेखक केलं, आणि लेख छापून आला. आज तुमच्याकडे ‘शोधा आणि बदला’ ही सोय आहे, आणि प्र. १२ मधले निकष बोका पूर्ण करत नाही.

१४. चॅटजीपीटीसारखं साधन वापरलं तर सांगावं लागतं का?

लेखक म्हणून त्याचं नाव देता येत नाही; २०२३ च्या सुरुवातीलाच ‘नेचर’ने आणि प्रकाशननीतीसाठी काम करणाऱ्या कोप या संस्थेने हे स्पष्ट केलं. कारण प्र. १२ मधला चौथा निकष: साधन जबाबदारी घेऊ शकत नाही. मजकूर लिहिण्यासाठी किंवा विश्लेषणासाठी वापरलं असेल तर कुठे आणि कशासाठी ते लिहा. नुसतं व्याकरण तपासलं असेल तर काही जर्नल्स सूट देतात. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका. ही साधनं अस्तित्वातच नसलेले लेख खऱ्या लेखकांच्या नावांसह तयार करून देतात. यादीतला प्रत्येक डीओआय उघडून बघा. तेव्हाच एखादा लेख मागे घेतला गेला आहे का, तेही कळेल.

१५. सिमिलॅरिटी किती टक्क्यांपर्यंत चालते?

सिमिलॅरिटी म्हणजे सॉफ्टवेअरला इतर प्रकाशित मजकुराशी आढळलेलं साम्य. त्याची सर्वमान्य टक्केवारी नाही. पद्धतीच्या भागातली ठरावीक वाक्यं, संदर्भसूची आणि तुमचाच प्रीप्रिंट (परीक्षणाआधी ऑनलाइन खुला केलेला मसुदा) मिळून आकडा मोठा होऊ शकतो आणि त्यात गैर काहीच नसतं. उलट आकडा ६ असून ते सहाही टक्के एकाच लेखाच्या चर्चेतून सलग उचललेले असले, तर ते वाङ्मयचौर्य. आम्ही सॉफ्टवेअरने रंगवलेले उतारे वाचतो.

आकडा खाली आणायला शब्द बदलून देणारी सॉफ्टवेअर वापरू नका. त्यांच्यामुळे ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’ आणि ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बोसम पेरिल’ झालेले लेख छापले गेले आहेत. २०२१ मध्ये काही संशोधकांनी अशा पिळवटलेल्या शब्दप्रयोगांचा माग काढायला सुरुवात केली आणि त्यावरून कितीतरी लेख पकडले गेले.

१६. लेख आधी प्रीप्रिंट म्हणून टाकला तर जर्नल नाकारेल का?

बहुतेक विषयांत नाही. भौतिकशास्त्रात अर्काइव्ह १९९१ पासून आहे, जीवशास्त्रात बायोअर्काइव्ह २०१३ पासून, वैद्यकात मेडअर्काइव्ह २०१९ पासून. तरी जर्नलचं धोरण आधी वाचा. दोन गोष्टी लक्षात ठेवा: टाकलेला प्रीप्रिंट मागे घेतला तरी त्याची खूण राहते, आणि अर्काइव्हवर एकदा दिलेला परवाना परत घेता येत नाही. दुहेरी गुप्त परीक्षण (लेखक आणि परीक्षक दोघांना एकमेकांची नावं न कळणारं) असेल तर प्र. १७ पाहा.

१७. परीक्षकांना माझं नाव कळू नये असं जर्नल म्हणतं. नाव काढलं, तरी फाइल परत आली. का?

नाव पहिल्या पानावरून काढलं, पण फाइलचं नाव आडनावासकट ‘फायनल_सरांचे_बदल_३’ असंच होतं. वर्डच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव होतं, समासातल्या टिपांवर सहलेखकांची नावं होती, ऋणनिर्देश तसाच होता. ‘डॉक्युमेंट इन्स्पेक्टर’ चालवा. ‘आम्ही आमच्या आधीच्या लेखात दाखवलं’ हे वाक्य त्रयस्थपणे लिहा, स्वतःचा संदर्भ मात्र गाळू नका. अनुदानाचा क्रमांक आणि नीतिसमितीचं नाव शीर्षकपानाच्या वेगळ्या फायलीत हलवा. प्रीप्रिंट शोधून परीक्षकाने तुमचं नाव ओळखलंच, तर तो तुमचा दोष धरत नाहीत.

१८. कव्हर लेटरमध्ये काय लिहू?

अर्ध्या पानात तीन गोष्टी: काय सापडलं, याच जर्नलच्या वाचकांना ते का हवं आहे, आणि लेख अन्यत्र छापलेला किंवा विचाराधीन नाही. गोषवारा पुन्हा चिकटवू नका. ‘आपल्या प्रतिष्ठित, जगद्विख्यात नियतकालिकात’ हे काढून टाका. आणि पाठवण्याआधी जर्नलचं नाव मोठ्याने वाचा. आधी नाकारलेल्या जर्नलचं नाव तसंच राहिलेली पत्रं इतकी येतात की आता हसूही येत नाही.

१९. वेळ वाचवायला दोन जर्नल्सना एकदम पाठवलं तर कळतं का?

कळतं. लहान विषयांत परीक्षक तेच असतात. एकाच आठवड्यात दोन जर्नल्सकडून एकच लेख आलेल्या परीक्षकाचा फोन मी स्वतः घेतला आहे. दोन्हीकडून लेख परत गेला. उत्तराला फार उशीर होत असेल तर आधी चौकशी करा, मग लेख मागे घेत असल्याचं कळवा, आणि त्याची लेखी पोच हाती आल्यावरच दुसरीकडे पाठवा.

२०. अभ्यास झाला, पण नीतिसमितीची परवानगी घ्यायचीच राहिली. आता मिळेल?

मागच्या तारखेने परवानगी बहुतेक समित्या देत नाहीत, आणि द्यायलाही नको. काही प्रकारच्या कामाला, उदाहरणार्थ आधीच खुल्या असलेल्या नाव नसलेल्या माहितीच्या विश्लेषणाला, परवानगीची गरज नसते. तसं असेल तर समितीकडून ते लेखी घ्या. बाकी बाबतींत संपादकांना पाठवण्याआधीच सरळ विचारा. रुग्णांवरच्या चाचण्यांत नोंदणीचाही प्रश्न आहे: प्र. १२ मधल्या संपादक समितीची जर्नल्स २००५ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीची नोंदणी मागतात. तिथे पळवाट नाही.

२१. लेख पाठवला आणि रात्री तक्त्यात चूक दिसली. काय करू?

निकाल बदलत नसेल, टंकनदोष असेल, तर थांबा. सुधारित आवृत्तीत दुरुस्त करा. निष्कर्षावर परिणाम होत असेल तर त्याच दिवशी लेखाचा क्रमांक देऊन संपादकीय कार्यालयाला लिहा: कोणता तक्ता, कोणता आकडा, बरोबर आकडा काय, आणि दुरुस्त फाइल जोडा. परीक्षण सुरू झालेलं नसेल तर आम्ही लेख तुमच्या खात्यात परत पाठवतो, तुम्ही फाइल बदलता, आणि काम पुढे चालू होतं.